खंडित अक्षराची साक्ष : ‘स्टेन्सिल’ या टाइपाची घडण व उपयोग

१९३७ सालच्या जून महिन्यात शिकागो येथील लडलो कंपनीने व लगेच जुलै महिन्यात ‘अमेरिकन टाइप फौंडर्स’ या कंपनीने ‘स्टेन्सिल’ या एकाच नावाचे दोन स्वतंत्र टाइप बाजारात आणले. पहिल्याचे आरेखन रॉबर्ट हंटर मिडलटन याचे होते व दुसऱ्याचे गेरी पॉवेल याचे. दोहोंतही केवळ रोमन लिपीतील मोठी अक्षरे, अंक व विरामचिन्हे होती; लहान अक्षरे नव्हती. दोहोंचे वळण जाड, टोके गोलसर, आणि जवळजवळ प्रत्येक अक्षर मध्येच एकदोन ठिकाणी तुटलेले. मथळे, जाहिराती व भित्तिपत्रके यांसाठी हे टाइप काढण्यात आले होते, आणि त्यांतील पॉवेलचे वळण आजतागायत जगभर वापरात आहे.

मुद्रणाच्या इतिहासात नव्या टाइपाचे आगमन ही नित्याचीच घटना होय. परंतु या टाइपाने एक प्रश्न उभा केला आहे, आणि तो केवळ मुद्रकांच्या धंद्यापुरता मर्यादित नाही. धातूच्या खिळ्यावरील अक्षर मध्ये तुटलेले असण्याचे काहीही कारण नाही. अखंड ‘ओ’ जितक्या सहजतेने ओतता येतो तितक्याच सहजतेने खंडित ‘ओ’ ओतता येतो. किंबहुना साच्यात तो खंड मुद्दाम कोरावा लागतो. मग दोन प्रतिष्ठित कारखान्यांनी एका महिन्याच्या अंतराने हा उणेपणा मुद्दाम का निर्माण केला? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले म्हणजे असे दिसून येते की, बाह्यतः एकसारख्या दिसणाऱ्या या खंडाला निरनिराळ्या काळी निरनिराळी कारणे होती. ती वेगळी न काढल्यास अक्षराच्या रूपावरून त्याच्या साधनाविषयी काढलेले अनुमान चुकण्याचा संभव फार मोठा आहे.

१. पत्रा आणि अक्षर

मराठी वाचकास ‘स्टेन्सिल’ हा शब्द बहुधा सायक्लोस्टाइल यंत्रावरील मेणकागदामुळे परिचित झालेला आहे. प्रस्तुत विषय त्याहून जुन्या साधनाचा आहे. पितळेच्या वा जस्ताच्या पातळ पत्र्यात, किंवा तेल पाजलेल्या जाड कागदात, अक्षराच्या आकाराचे छिद्र पाडावयाचे, तो पत्रा पृष्ठभागावर ठेवावयाचा आणि ब्रशाने रंग फिरवावयाचा, अशी ही कृती. धान्याच्या पोत्यांवर व मालाच्या खोक्यांवर व्यापाऱ्याचे नाव याच रीतीने उठविले जाते.

या कृतीत एक अपरिहार्य अडचण आहे. ‘ओ’ हे अक्षर पूर्ण वर्तुळाकार कापले तर त्याच्या पोटातील पत्र्याचा तुकडा निखळून पडतो आणि कागदावर अक्षराऐवजी एक भरीव ठिपका उमटतो. म्हणून पोटातील बेटासारखा तुकडा बाहेरील पत्र्याशी एकदोन अरुंद पट्ट्यांनी जोडलेला ठेवावा लागतो. या पट्टीला येथे ‘दुवा’ म्हटले आहे. पत्र्यात जेथे दुवा असतो तेथे रंग पोचत नाही. म्हणजेच पत्र्यातील दुवा हाच कागदावरील अक्षराचा खंड होय. ‘ए’, ‘बी’, ‘डी’, ‘पी’, ‘आर’ ही रोमन मोठी अक्षरे आणि ४, ६, ८, ९ व ० हे इंग्रजी अंक यांना या दुव्यांवाचून गत्यंतर नसते.

दुव्याचे दुसरेही एक कारण आहे. ‘सी’ किंवा ‘ई’ या अक्षरांत बंद पोकळी नाही. तरीही त्यांच्या रेघांमध्ये पत्र्याची लांबट जीभ उरते. ब्रशाच्या दाबाने ती वाकते आणि तिच्याखाली रंग शिरतो. म्हणून अशा अक्षरांतही पत्र्याच्या मजबुतीसाठी दुवे ठेवण्याची रीत पडली. सारांश, पहिल्या प्रकारच्या दुव्यावाचून अक्षर उमटतच नाही, तर दुसऱ्या प्रकारचा दुवा साचा टिकविण्यासाठी असतो. देवनागरीलाही हाच नियम लागू पडतो. ‘व’ व ‘ब’ यांची पोटे तर बंद आहेतच. शिवाय शिरोरेषेने वरची बाजू मिटल्यामुळे ‘प’ व ‘ष’ यांतही बंद पोकळी निर्माण होते आणि तेथेही दुवा द्यावा लागतो.

२. ग्रंथातील साचे

साच्याची अक्षरे म्हणजे गोदामातील ओबडधोबड अक्षरे, ही समजूत अलीकडची आहे. सतराव्या व अठराव्या शतकांत फ्रान्समध्ये चर्चच्या उपासनेसाठी लागणारे मोठ्या आकाराचे गायनग्रंथ साच्यांच्या साहाय्याने तयार केले जात. असा ग्रंथ उंच चौरंगावर उघडून ठेवीत आणि गायकांचा समूह त्याच्याभोवती उभा राहून दुरून तो वाचीत असे. म्हणून अक्षर मोठे व ठसठशीत हवे. प्रती मात्र थोड्याच लागत. त्यासाठी एवढ्या मोठ्या आकाराचे खिळे पाडून घेणे परवडण्याजोगे नव्हते. साच्याने या दोन्ही गरजा भागविल्या.

या कृतीचे सविस्तर वर्णन झील फियो दे बिलेत याने १६९० च्या दशकात लिहिले. फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने देशातील कलाकौशल्यांची व उद्योगांची वर्णने संकलित करण्याचे जे कार्य हाती घेतले होते, त्याचाच हा भाग होता. एरिक किंडेल, फ्रेड स्मायर्स व जेम्स मोझली या अभ्यासकांनी त्या वर्णनाच्या आधारे संपूर्ण कृती प्रत्यक्ष करून पाहिली व तिचा वृत्तांत २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतरच्या काळातील वस्तुरूप पुरावाही उपलब्ध आहे. अमेरिकेचा प्रतिनिधी म्हणून फ्रान्समध्ये राहत असताना बेंजामिन फ्रँकलिन याने १७८१ साली पॅरिस येथील बेरी नावाच्या कारागिराकडून अक्षरांच्या साच्यांचा एक संच विकत घेतला. हा संच फिलाडेल्फिया येथील ‘अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटी’च्या संग्रहात जतन करण्यात आला आहे.

या साच्यांसंबंधी दोन गोष्टी पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की, त्यांचा आदर्श मुद्रित ग्रंथातील अक्षर हा होता. सुबक छापील अक्षराचे रूप हाताने व अल्प खर्चात साधावे, हा साचे कापणाऱ्याचा हेतू. दुसरी गोष्ट अशी की, दुव्यामुळे पडणारा खंड त्याला भूषणास्पद वाटत नव्हता. तो शक्य तितका अरुंद ठेवला जाई आणि साचा उचलल्यावर लेखणीने भरून काढता येई. खंड भरल्यानंतर अक्षर अखंड दिसते आणि अशा पानाला मुद्रित वा हस्तलिखित समजण्याची चूक सहज होऊ शकते. म्हणजे या टप्प्यावर साचा खिळ्याचे अनुकरण करीत होता आणि आपल्या साधनाची खूण पुसून टाकू पाहत होता.

३. मालाच्या खोक्यावरील अक्षर

एकोणिसाव्या शतकात रेल्वे व आगबोटी यांमुळे मालाची वाहतूक अतोनात वाढली. प्रत्येक पिंप, पेटी व गठ्ठा यांवर पाठविणाऱ्याचे व घेणाऱ्याचे नाव, ठिकाण आणि वजन घालणे आवश्यक झाले. हे काम करणारा हमाल वा कारकून सुलेखनकार नव्हता; त्याला वेगाने व वाचनीय अक्षर उठविता आले म्हणजे पुरे होते. अक्षर खडबडीत लाकडावर उमटावयाचे, ते पावसात भिजावयाचे आणि दुरून वाचले जावयाचे. अशा परिस्थितीत खंड भरीत बसण्यास कोणास सवड असणार? तो तसाच राहिला, व पाहणाऱ्यांच्या नजरेला त्याची सवय झाली.

या काळात अमेरिकेत दोन प्रकारची साधने प्रचारात आली. पहिले म्हणजे एकेका अक्षराचे पितळी साचे. त्यांच्या कडा एकमेकींत अडकतील अशा वळविलेल्या असत, त्यामुळे हवा तो शब्द जुळवून पुन्हा सुटा करता येई; खिळे जुळविण्याचेच तत्त्व येथे पत्र्याला लावलेले होते. अशा अनेक संचांतील अक्षरे जाडबारीक रेघांची व टोकांना आडव्या सेरिफ असलेली आढळतात. दुसरे साधन म्हणजे साचे कापण्याचे यंत्र. १८९० च्या दशकात सेंट लुई येथे अशा यंत्राची निर्मिती सुरू झाली. चक्र फिरवून हवे ते अक्षर समोर आणावयाचे व दांडा दाबला की तेल पाजलेल्या कागदात ते कापले जाते, अशी त्याची रचना होती. या यंत्राची अक्षरे साधी, एकसारख्या जाडीची व सेरिफविरहित असत. विसाव्या शतकात कारखाने, गोदामे व लष्कर यांच्या मालावर याच यंत्राने कापलेली अक्षरे मोठ्या प्रमाणावर उमटली. साधनांतील हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. कारण १९३७ चे टाइप यंत्राच्या साध्या अक्षरावरून घेतलेले नाहीत, त्यांचे नाते पितळी साच्यांच्या सेरिफयुक्त अक्षरांशी आहे.

४. यूरोपातील प्रयोग

अमेरिकन टाइपांपूर्वीच यूरोपात खंडित अक्षराकडे कलावंतांचे लक्ष वेधले गेले होते. जॉर्ज ब्राक याने १९११ साली ‘पोर्तुगीज’ या चित्रात साच्याने उठविलेली अक्षरे व अंक योजले. चित्रातील मानवी आकृती जितकी दुर्बोध, तितकीच ही अक्षरे ओळखीची व रोखठोक. या विरोधातच त्यांचे प्रयोजन होते. वास्तुविशारद ल कॉर्बुझिए आपल्या आराखड्यांवर साच्याने अक्षरे उमटवीत असे. पेटीवरील हमाली अक्षर अशा रीतीने चित्रशाळेत व वास्तुशिल्पाच्या कार्यालयात प्रविष्ट झाले.

जर्मनीत या अक्षराचा विचार वेगळ्या अंगाने झाला. बाउहाउस या कलाशाळेतील अध्यापक योसेफ आल्बेर्स याने १९२० नंतरच्या दशकात चौरस, त्रिकोण व वर्तुळाचा चतुर्थांश अशा मोजक्या भौमितिक आकारांतून साच्याची वर्णमाला रचली आणि अक्षररूपातील काटकसरीविषयीचा आपला विचार १९२६ मध्ये लेखरूपाने मांडला. कमीत कमी घटकांतून संपूर्ण लिपी सिद्ध करणे हे त्याचे ध्येय होते. घटक एकमेकांना न चिकटविता शेजारी ठेवले की त्यांमध्ये आपोआप फट पडते. येथील खंड हा असा रचनेतून आलेला आहे.

याच विचाराच्या आसपास पाउल रेनर याचा ‘फुटुरा ब्लॅक’ हा टाइप येतो. रेनरचा मूळ ‘फुटुरा’ टाइप फ्रँकफुर्टच्या बाउअर कारखान्याने १९२७ साली काढला होता. १९२९ मध्ये आलेला ‘ब्लॅक’ हा त्याच कुटुंबातील म्हणून गणला गेला, तरी त्याचे रूप सर्वस्वी निराळे आहे. भरीव काळे आकार व त्यांमधील बारीक पांढऱ्या फटी एवढ्यांतूनच अक्षर ओळखावयाचे असते. पुढील वर्षी मोनोटाइप कंपनीचा वुली याने आरेखिलेला ‘ब्रॅगाडोशिओ’ आला आणि १९३१ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या कारखान्याने यान चिखोल्ड याचा ‘ट्रान्झिटो’ प्रसिद्ध केला. या सर्व टाइपांत खंड आहे. पण पेटी, पिंप वा गोदाम यांची आठवण करून देणे हा त्यांचा हेतू नव्हे. पाहणाऱ्याला त्यांत भूमितीचा नेमकेपणा व नव्या युगाचा डौल दिसावा, अशी त्यांची योजना आहे.

५. १९३७ चे दोन टाइप

अमेरिकेतील परिस्थिती वेगळी होती. ‘अमेरिकन टाइप फौंडर्स’ ही कंपनी १८९२ साली तेवीस कारखान्यांच्या एकत्रीकरणाने स्थापन झाली होती. आर्थिक मंदीच्या काळात, १९३३ मध्ये, तिच्यावर दिवाळखोरीचा प्रसंग आला. ग्रंथांचा मजकूर तोपर्यंत ओळी ओतणाऱ्या यंत्रांकडे गेला होता. सुट्या खिळ्यांच्या धंद्याला मुख्य आधार उरला होता तो मथळे व जाहिराती यांचा. साहजिकच चटकन नजरेत भरणारी, एकमेकांपासून अगदी भिन्न अशी वळणे काढणे कंपनीला भाग पडले. पॉवेलचाच ‘ऑनिक्स’ हा उंच, चिंचोळा व अतिशय दाटीचा टाइप त्याच १९३७ सालचा आहे. ‘स्टेन्सिल’ व ‘ऑनिक्स’ शेजारी ठेवून पाहिले असता त्या काळच्या जाहिरात-मुद्रकाची गरज स्पष्ट होते. त्याला संपूर्ण ग्रंथाला पुरेल असा समतोल टाइप नको होता, एका शब्दाला स्वतंत्र चेहरा देणारा टाइप हवा होता.

लडलो कंपनीची पद्धत निराळी होती. तिच्या यंत्रासाठी पितळी मातृका हाताने जुळवीत व नंतर संपूर्ण ओळ एकसंध ओतून काढीत. त्यामुळे मोठ्या आकाराच्या मथळ्यांसाठी खिळ्यांचा साठा बाळगावा लागत नसे, आणि अक्षर प्रत्येक वेळी नवे मिळे. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे १८९८ साली जन्मलेला मिडलटन हा १९२३ पासून या कंपनीत होता. त्याने आरेखिलेल्या टाइपांची संख्या शंभराच्या घरात जाते. बाजारात ज्या वळणाला मागणी असेल ते आपल्या यंत्रासाठी उपलब्ध करून देणे हा त्याच्या कामाचा एक भाग होता. एकाच सुमारास दोन्ही कंपन्यांनी हाच विषय निवडावा, यावरून जाहिरातीच्या बाजारात खंडित अक्षराला मागणी निर्माण झाली होती, असे अनुमान करण्यास हरकत नाही.

या टाइपांच्या रूपाचे परीक्षण केले असता त्यांची घडण बरीच विचारपूर्वक झाल्याचे आढळते. ‘ओ’ व ‘डी’ यांत खंड आहे, तो प्रत्यक्ष साच्यात अटळच असतो. ‘सी’, ‘ई’ व ‘एस’ यांतही तो आहे, म्हणजे साचा टिकविण्यासाठी दिलेल्या दुव्यांचीही नक्कल केलेली आहे. जाड उभ्या रेघा व बारीक जोडरेघा यांचा भेद राखला असून खंड बहुतेक बारीक भागात घातला आहे. परिणामी अक्षराचा सांगाडा जाड रेघांवर उभा राहतो आणि तुटूनही ओळखू येतो. टोकांचा गोलसरपणा हा कापलेल्या पत्र्याच्या धारदार कडेपेक्षा लाकडावर किंचित पसरलेल्या रंगाची अधिक आठवण करून देतो. लहान अक्षरांचा अभावही सहेतुक दिसतो. पेट्यांवरील मजकूर मोठ्या अक्षरांतच असे. तात्पर्य, येथे साच्याचे व त्याने उमटविलेल्या ठशाचे स्मरण खिळ्यात घडविलेले आहे. सतराव्या शतकात साचा छापील अक्षराची नक्कल करीत होता. १९३७ मध्ये छापील अक्षर साच्याची नक्कल करू लागले. जो खंड फ्रेंच कारागीर लपवू पाहत होता, तोच आता विकाऊ माल ठरला.

६. उपयोग व अर्थांतर

टाइप विकत घेणाऱ्या मुद्रकास त्यातून काय मिळाले? ‘स्टेन्सिल’मध्ये जुळविलेला शब्द वाचकाला आपोआप काहीतरी सुचवितो : माल नुकताच गोदामातून निघाला आहे, तो मजबूत आहे, त्यात नखरा नाही. शब्दाने जे सांगितलेले नसते ते अक्षराच्या रूपाने सांगितले जाते. मात्र हे सामर्थ्य थोड्या शब्दांपुरतेच असते. पाचसहा ओळी या टाइपात जुळविल्या तर खंडांची गर्दी होऊन वाचन अडखळते. म्हणून एखादे नाव, एखादी घोषणा, एखादा मथळा एवढ्यापुरताच त्याचा वापर योग्य मानला जातो.

पुढे या अक्षराच्या अर्थात मोठा पालट झाला. आज ‘स्टेन्सिल’ पाहताच बहुतेकांना लष्कर आठवते. परंतु हे टाइप निघाले तेव्हा अमेरिका युद्धात नव्हती. ती १९४१ च्या डिसेंबरात दुसऱ्या महायुद्धात उतरली. युद्धकाळात वाहने, दारूगोळ्याच्या पेट्या व सामानाचे गठ्ठे यांवर साच्याने उठविलेली अक्षरे लक्षावधी लोकांनी पाहिली, आणि खंडित अक्षर व सैन्य यांची सांगड मनात पक्की बसली. युद्धोत्तर मनोरंजनाने तिचा पुरेपूर उपयोग केला. कोरियातील युद्धाच्या पार्श्वभूमीवरील ‘मॅश’ या दूरचित्रवाणी मालिकेची (१९७२–८३) शीर्षकाक्षरे याच वळणाची होती, आणि ‘दि ए-टीम’ या मालिकेच्या (१९८३–८७) नावातही खंडित अक्षरेच योजली गेली.

येथे एक विसंगती ध्यानात येते. लष्करी सामानावर यंत्राने कापलेल्या साध्या, सेरिफविरहित अक्षरांचे प्रमाण मोठे होते. तरीही सर्वसामान्य पाहणाऱ्याला पॉवेलचे सेरिफयुक्त, जाडबारीक रेघांचे अक्षरच ‘खरे लष्करी’ वाटते. जाहिरातीसाठी १९३७ मध्ये घडविलेल्या एका टाइपाने प्रत्यक्ष साधनाच्या अक्षराची जागा लोकांच्या स्मृतीत बळकावली. नक्कल मुळापेक्षा अधिक विश्वसनीय ठरण्याचा हा एक ठळक नमुना होय.

धातूच्या खिळ्यांचे युग संपले. ‘अमेरिकन टाइप फौंडर्स’ १९९३ मध्ये बंद पडली. पण पॉवेलच्या टाइपाला संगणकीय रूप मिळाले आणि कार्यालयीन कामाच्या प्रचलित संगणक-प्रणालींबरोबर तो घरोघरी पोचला. त्याचबरोबर एक अनपेक्षित गोष्ट घडली. संगणकावर जुळविलेला शब्द लेसर किरणांनी किंवा यांत्रिक सुरीने पत्र्यात वा कागदात थेट कापता येऊ लागला. या कामासाठी खंडित वळणाचाच टाइप लागतो. अन्यथा अक्षरांची पोटे गळून पडतात. खिळ्यात जो खंड निव्वळ शोभेचा होता, त्याला पत्र्यात पुन्हा मूळचे काम मिळाले.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून खंडाची तीन कारणे स्पष्टपणे वेगळी करता येतात. साच्यातील खंड हा गरजेतून उद्भवतो. आल्बेर्स व रेनर यांच्या अक्षरांतील खंड हा आकारांच्या काटकसरीतून व रचनेतून येतो. मिडलटन व पॉवेल यांच्या टाइपांतील खंड हा स्मरणासाठी योजलेला आहे. डोळ्यांना तिन्ही ठिकाणी पांढरी फटच दिसते. तिच्यामागील इतिहास मात्र निराळा असतो.

जुनी भित्तिपत्रके, वेष्टने, जाहिराती किंवा पोथ्या पुरावा म्हणून हाताळणाऱ्या अभ्यासकास या भेदाचा प्रत्यक्ष उपयोग आहे. अक्षर खंडित आहे एवढ्यावरून ते साच्याने उमटविले असे ठरत नाही; ते खिळ्यांनी छापलेलेही असू शकते. उलटपक्षी, अक्षर अखंड आहे म्हणून साचा वापरलेला नाही असेही म्हणता येत नाही. कारण खंड भरून काढलेला असेल. अशा वेळी इतर खुणा तपासाव्या लागतात. साच्याने उमटविलेल्या अक्षराच्या कडेला रंग साचलेला वा खाली शिरलेला आढळतो, ब्रशाचे फटकारे दिसतात आणि एकाच अक्षराच्या दोन ठशांत रंगाचा दाटपणा कमीअधिक असतो. खिळ्याने छापलेल्या अक्षरात शाई अधिक समपातळीत बसते व कागदावर दाबाची खूण उमटते. या खुणा पाहिल्यावरच खंडाची साक्ष ग्राह्य धरावी.

आणखी एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. मिडलटन व पॉवेल यांची नावे मुद्रणाच्या इतिहासात नोंदली गेली, आणि ते योग्यच झाले. परंतु ज्या अक्षरावरून त्यांनी आपले टाइप घडविले ते त्यापूर्वी अनेक पिढ्या पत्रा कापणाऱ्या कारागिरांच्या व पेट्यांवर ब्रश फिरविणाऱ्या हमालांच्या हाताखालून गेलेले होते. दुवा कोठे ठेवावा, तो किती रुंद असावा, कोणत्या ठिकाणी अक्षर तुटले तरी वाचता येते, हे ज्ञान त्यांनी मिळविलेले होते. त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत. पॉवेलच्या ‘ओ’मधील दोन फटी हीच त्या ज्ञानाची नोंद होय.